फरसबी, शेपू आणि मेसनची बरणी

ऑगस्ट सरत आलेला असतो. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या एखाद्या गावातलं स्वयंपाकघर. खिडकीच्या काचांवर वाफ धरलेली, कारण शेगडीवर एक अजस्र पातेलं रटरटत असतं. टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर फरसबीचा ढीग ओतलेला आणि त्याभोवती घरातल्या तीन पिढ्या. कुणी देठं मोडतं, कुणी शेंगा चार-चार इंचांच्या कापतं. धाकट्यांकडे काम एकच, पण मानाचं: बरणीत शेंगा उभ्या रचायच्या, काडेपेटीत काड्या असतात तशा, एकीला दुसरीचा आधार. तळाशी शेपूचा बी धरलेला तुरा, लसणाची एक पाकळी, चिमूटभर लाल मिरचीचा भरडा. मग थोरल्यांपैकी कुणीतरी वरून उकळतं पाणी, व्हिनेगर आणि मीठ ओततं. तोंडाशी अर्धा इंच जागा रिकामी ठेवायची, काठ स्वच्छ पुसायचा, झाकण ठेवून कडं फिरवायचं आणि बरण्या उकळत्या पाण्यात बुडवायच्या. गाव समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या आत असेल तर पाच मिनिटं, त्याहून उंच असेल तर दहा, सहा हजार फुटांच्या वर पंधरा.

बरण्या बाहेर काढून जाड फडक्यावर ओळीने मांडल्या की घर आपोआप गप्प होतं. थोड्या वेळाने पहिला आवाज येतो. टण्ण! बरणी निवताना आत पोकळी तयार होते आणि झाकणाचं फुगीर पोट आत ओढलं जातं, त्याचा तो आवाज. मुलं बोटांवर मोजू लागतात. दोन. तीन. आठ बरण्यांचे आठ आवाज आले की दिवस सार्थकी लागला.

या पदार्थाला तिकडे 'डिली बीन्स' म्हणतात. डिल म्हणजे आपला शेपू. ताटातला शेपू बघून नाक मुरडणाऱ्या मराठी माणसाने समुद्रापलीकडच्या लोणच्यात त्याचा हा थाट जरूर पाहावा. ज्या बियांना आपण बाळंतशोपा म्हणतो आणि बाळंतिणीला देतो, त्यांचाच वास तिकडे लोणच्याची ओळख होऊन बसला आहे.

टेबलाभोवतीचं दृश्य पाहणाऱ्याला वाटतं, पणजीच्या पणजीपासून हे असंच चालत आलं असणार. पण तिथल्या एकेका वस्तूला वय विचारलं तर भलतंच निघतं. फरसबी हजारो वर्षांची. बरणी १८५८ सालची. टण्ण करणारं झाकण १९१५ सालचं. आणि 'डिली बीन्स' हे नाव तर दुसऱ्या महायुद्धानंतरचं. जगातली सगळ्यांत घरगुती भासणारी ही कृती पेटंटांनी, युद्धांनी, प्रयोगशाळांनी आणि सरकारी पुस्तिकांनी मिळून घडवलेली आहे.

सुरुवात थोरलीपासून करू. हा घेवडा मूळचा अमेरिकेचाच. मेक्सिकोकडे आणि अँडीजच्या डोंगरांत, असा दोन ठिकाणी वेगवेगळा लागवडीला आला. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या शेतात मका, भोपळा आणि घेवडा एकत्र वाढत. मक्याच्या ताटावर वेल चढायचा, भोपळ्याची पानं खालची जमीन झाकून धरायची. त्यांना 'तीन बहिणी' म्हणत. सोळाव्या शतकात या बिया युरोपात गेल्या आणि तिथून जगभर फिरल्या. इंग्रज या शेंगेला 'फ्रेंच बीन' म्हणत. ते मराठी कानांनी ऐकलं आणि 'फरसबी' झालं. नाव फ्रान्सचं, उच्चार आपला आणि माहेर अमेरिका! श्रावणघेवडा होऊन तर तिने आपल्या पंचांगातही जागा पटकावली.

पूर्वीच्या शेंगांच्या पाठीला दोरा असायचा. तो ओढून काढल्याशिवाय शेंग खाता येत नसे, म्हणून तिकडचं तिचं जुनं नाव 'दोऱ्याची शेंग' अशा अर्थाचं. न्यूयॉर्क राज्यातल्या लरॉय गावच्या कॅल्विन कीनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निवड करत करत बिनदोऱ्याच्या जाती काढल्या. आज टेबलाभोवतीची मुलं शेंग नुसती मोडून पुढे सरकवतात, त्यामागे या माणसाची चिकाटी आहे.

शेंगा उन्हाळ्यात ढिगाने येतात आणि हिवाळ्यात बाहेर बर्फ असतं. मधल्या महिन्यांसाठी अॅपलाचियाच्या डोंगराळ भागातल्या बायका दोन उपाय करत. एक म्हणजे शेंगा सुईदोऱ्याने माळेत ओवून चुलीपाशी किंवा ओसरीवर वाळवायच्या. वाळून सुरकुतलेल्या त्या शेंगांना 'चामड्याच्या विजारी' असं गमतीदार नाव होतं. दुसरा उपाय म्हणजे मातीच्या मोठ्या भांड्यात मिठाच्या पाण्यात बुडवून आंबवायच्या. जर्मनीहून आलेले लोक हे हुन्नर घेऊनच आले होते. कोबीसारखीच ते घेवड्याची शेंगही आंबवत. शेपूची आवडही जर्मनी आणि पूर्व युरोपकडून आलेल्यांबरोबरच आली.

इथपर्यंतची गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. मीठ, आंबट आणि वेळ. आपण त्यात तेलाची भर घातली, चिनीमातीच्या बरणीच्या तोंडाला दादरा बांधला आणि ओला हात लावू नका म्हणून घरभर बजावलं. हे टिकवण्याचं एक घराणं झालं: आंबटाचं. त्यात उकळणं नाही, हवाबंद करणं नाही.

दुसरं घराणं उष्णतेचं. त्याचा मूळ पुरुष एक फ्रेंच हलवाई होता. निकोला आपेर याचा जन्म १७४९ सालचा, शॅम्पेन प्रांतातल्या शालाँचा, खानावळवाल्याच्या घरातला. पॅरिसमध्ये त्याचं मिठाईचं दुकान होतं. जाड काचेच्या बाटल्या आणि घट्ट बसणारी बुचं यांची सवय त्याला लहानपणापासूनच असणार. बाटलीत खाद्यपदार्थ भरायचा, बूच ठोकून तारेने आवळायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची, असे प्रयोग त्याने वर्षानुवर्षं केले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रेस्ट बंदरात फ्रेंच आरमाराने त्याच्या बाटल्या तपासल्या. त्यात मटार होते आणि घेवडाही होता. १८१० साली सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले, मात्र एका अटीवर: कृती छापून सगळ्यांना खुली करायची. त्याने ते पुस्तक घरोघरीच्या संसारांसाठी म्हणूनच लिहिलं. अन्न का टिकतं, याचं नेमकं कारण त्याला ठाऊक नव्हतं. सूक्ष्मजीवांचा उलगडा पाश्चरने केला तो पुढे अर्ध्या शतकाने. आपेर १८४१ साली गरिबीत वारला.

आपेरच्या बाटलीची अडचण तिच्या तोंडाशी होती. बूच, लाख, मेण, तार हे सगळं जमवताना गृहिणीचा जीव मेटाकुटीला यायचा आणि तरी एखादी बाटली हवा खायचीच. ही गाठ सोडवली न्यू जर्सीच्या जॉन लँडिस मेसन या कल्हईच्या पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराने. काचेच्या गळ्यालाच आटे पाडायचे आणि त्यावर जस्ताचं झाकण फिरवून बसवायचं, मधे रबराचं कडं. ३० नोव्हेंबर १८५८ रोजी त्याला पेटंट मिळालं. तोवर असे आटे बाटलीच्या अगदी काठापर्यंत नेले जात. मेसनने ते काठाच्या थोडं अलीकडेच संपवले, म्हणून झाकण नीट टेकू लागलं. एवढीशी सुधारणा, पण तिनेच बरणी स्वयंपाकघरात आणली. मेसनला मात्र तिने पैसा दिला नाही. १८७९ साली पेटंटची मुदत संपली आणि काचवाल्यांची झुंबड उडाली. पुढे कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या बरण्यांवर त्याचं नाव आणि ती तारीख उठावदार अक्षरांत ओतली जात होती. मेसन १९०२ मध्ये निर्धन अवस्थेत गेला. आपेर आणि तो, दोघांच्याही कुंडलीत एकच ग्रह असावा.

पैसा केला तो बॉल बंधूंनी. हे पाच भाऊ. १८८० साली चुलत्याकडून २०० डॉलर उसने घेऊन त्यांनी बफलो शहरात लाकडी आवरणाचे पत्र्याचे डबे बनवायला सुरुवात केली, १८८४ पासून काचेच्या बरण्या. इंडियानातल्या मन्सी गावाला नैसर्गिक वायू सापडला होता आणि गावकऱ्यांनी कारखान्यांना बोलावणं धाडलं होतं. काचेच्या भट्टीला जळणच लागतं. भाऊ तिकडे गेले.

काचेला वाळूही लागते. मिशिगन सरोवराच्या काठी मिशिगन सिटीजवळ 'हूझियर स्लाइड' नावाचा सुमारे २०० फूट उंच वाळूचा डोंगर होता. लोक हौसेने त्यावर चढायचे आणि घसरत खाली यायचे. तो डोंगर डब्याडब्याने आगगाडीत भरला गेला आणि काचेच्या भट्ट्यांत, विशेषतः मन्सीच्या, रिकामा झाला. १९२०च्या सुमारास तिथे सपाट जमीन उरली होती. वाळूतल्या लोहामुळे त्या काळच्या बरण्यांना फिकट निळसर झाक आली, तिला आज जुन्या वस्तूंचे शौकीन 'बॉल ब्लू' म्हणतात. एक अख्खा डोंगर आजही अमेरिकेच्या माळ्यांवर आणि फळ्यांवर बरण्यांच्या रूपात विखुरलेला आहे.

झाकणाची शेवटची सुधारणा अलेक्झांडर कर याच्या नावावर जमा आहे. १९१५च्या सुमारास त्याच्या कंपनीने झाकणाचे दोन भाग केले: काठाला चिकट रबरी लेप असलेली पातळ धातूची चकती आणि तिला धरून ठेवणारं आट्यांचं कडं. बरणी आणि कडं पुन्हापुन्हा वापरायचं, चकती एकदाच. जस्ताचं जुनं झाकण मुकं होतं. बोलू लागली ती ही चकती. घर कान लावून ज्या आवाजाची वाट पाहतं, त्याचा जन्म इथला.

एव्हाना या गोष्टीत एक भीती शिरली होती. १८९५ साली बेल्जियममधल्या एलझेल गावी एका अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांनी नंतर खारवलेलं हॅम खाल्लं. बरेच जण आजारी पडले, तिघे दगावले. घेंट विद्यापीठाच्या एमिल व्हान एर्मेंगेमने त्या मांसातून जंतू वेगळा केला. त्या विषबाधेला बोटुलिझम म्हणतात. या जंतूची बीजं साध्या मातीत असतात. त्यांना जागं व्हायला चार गोष्टी लागतात: हवा नको, आंबट नको, ओलावा हवा, ऊब हवी. आता पाण्यात उकळून हवाबंद केलेल्या साध्या फरसबीच्या बरणीकडे बघा. बुरशी येऊ नये म्हणून हवा बाहेर काढली, आणि तेच या शत्रूच्या पथ्यावर पडलं. शेंग गोडसर, आंबटपणा नावालाही नाही. ओलावा आहे, फळीवर ऊब आहे. उकळतं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही आणि ही बीजं तेवढ्याला दाद देत नाहीत. घरच्या बायका फरसबी तीन-तीन तास उकळत, तरी बीजं आत जिवंत राहू शकत. आणि विषाला रंग नाही, वास नाही. १९२४ साली ओरेगन राज्यातल्या ऑल्बनी गावी घरी भरलेल्या फरसबीने बारा माणसं गेली. जेवण घरचंच होतं, हातही घरचेच होते.

उपाय दोनच. एक, तापमान ११६ अंशांपर्यंत चढवायचं. त्यासाठी दाबाचं भांडं हवं. अमेरिकेच्या शेतीखात्याने १९१७ सालीच सांगितलं होतं की आंबट नसलेल्या भाज्यांना दुसरा सुरक्षित मार्ग नाही. शिट्ट्या मोजत वाढलेल्या आपल्याला हे चटकन पटतं. पण आपला लहान कुकर त्या कामाला चालत नाही, कारण तो लवकर तापतो आणि लवकर निवतो, आणि तिकडचा मिनिटांचा हिशेब मोठ्या भांड्याच्या संथ तापण्या-निवण्यासकट बांधलेला आहे. दुसरा उपाय जुन्या घराण्याकडे जायचा: आंबट घालायचं. आम्लता पुरेशी असली, म्हणजे शास्त्राच्या भाषेत सामू ४.६ किंवा त्याखाली असला, की ती बीजं झोपून राहतात. मग उरलेल्या किरकोळ जंतूंना साधं उकळतं पाणी पुरतं. डिली बीन्सच्या बरणीत आंबटाचं आणि उष्णतेचं अशी दोन घराणी नांदतात ती अशी. म्हणूनच हे काम पोराबाळांना घेऊन, साध्या पातेल्यात, पाच मिनिटांच्या उकळीवर होतं.

हे ज्ञान घराघरांत पोहोचवायला एक मोठी यंत्रणा राबली. १९१० साली साउथ कॅरोलायनातल्या एकेन परगण्यात मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींची टोमॅटो मंडळं सुरू केली. प्रत्येकीला एकराचा दहावा भाग. पिकवायचं, डब्यांत भरायचं, विकायचं आणि पैसे स्वतःचे. १९१४च्या कायद्याने परगण्या-परगण्यात शेतीच्या आणि गृहकौशल्याच्या प्रचारकांची सोय झाली. वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे मराठी घरांत ओळखीचे झालेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर याच प्रवाहातले. टस्कीगीहून १९०६ पासून खेड्यापाड्यांत फिरणारी त्यांची शिकवणीची गाडी आणि गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी त्यांनी काढलेल्या पुस्तिका यांमागचं सूत्र हेच: जे पिकलं ते वाया घालवू नका. फळं-भाज्या घरी कशा टिकवाव्या, हाही त्या पुस्तिकांचा एक विषय होता.

मग युद्धं आली आणि बरणी देशभक्त झाली. पहिल्या महायुद्धातल्या एका भित्तिपत्रकात भाज्यांच्या बरण्यांशेजारी एका बरणीत खुद्द जर्मन कैसर कोंबलेला दाखवला होता. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतला आणि कथील आणि रबर दोन्हींचा तुटवडा पडला. पत्र्याच्या डब्यांवर १ मार्च १९४३ पासून रेशनिंग आलं. लोकांनी परसात भाज्या लावल्या आणि त्या वर्षी अमेरिकेच्या घरांत ४०० कोटींहून अधिक बरण्या भरल्या गेल्या. इतक्या पुन्हा कधी भरल्या नाहीत. मलाया पडल्याची झळ इंडियानातल्या झाकणाला लागली होती.

युद्ध संपलं, शीतकपाटं आली, बाजारात स्वस्त डबे आले. आता बरणी भरणं गरजेचं राहिलं नाही. नेमक्या त्या काळात, १९५०च्या दशकाच्या अखेरीस, न्यूयॉर्कमध्ये दोन तरुणींनी शेपू आणि लसूण घातलेली फरसबी 'डिली बीन्स' नावाने विकायला काढली. कॉकटेलच्या पार्ट्यांत ती मिरवू लागली. डोंगराळ भागातल्या गरिबाघरची आंबवलेली शेंग शहरात जाऊन नाव बदलून आली आणि त्या नव्या नावाने पुन्हा घरोघरच्या टेबलावर बसली.

बरणी भरणं हौसेचं झालं तरी त्याची चटक गेली नाही. १९७५ साली झाकणांचा असा तुटवडा पडला की अमेरिकेच्या संसदेत त्यावर सुनावण्या झाल्या. २०२० साली, साथीच्या दिवसांत घरी बसलेल्यांनी परसात वाफे लावले आणि दुकानांतून चकत्या पुन्हा गायब झाल्या. बॉल कंपनीचं म्हणाल, तर ती मधल्या काळात अंतराळाच्या कामात शिरली होती. हबल दुर्बिणीची अंधूक नजर सुधारणारं उपकरण तिच्याच शाखेने घडवलं. ते १९९३ मध्ये बसवलं गेलं आणि त्याच वर्षी कंपनीने बरण्यांचा धंदा वेगळा काढला. बरण्यांवर बॉल हे नाव राहिलं, मालक बदलले.

आणि नियम पक्के होत गेले. शेतीखात्याची घरी बरण्या भरण्याची संपूर्ण मार्गदर्शिका १९८८ साली निघाली, पुढे ती अनेकदा सुधारली. टेबलावर फरसबीशेजारी उघडी पडलेली असते ती हीच किंवा हिच्याच वंशातली एखादी पुस्तिका. मराठी मनाला इथे जरा ठेच लागते. आपल्याकडे लोणच्याचा शेवटचा शब्द आजीचा. 'अंदाजाने घाल' हे तिचं माप, आणि ते चुकत नाही. तिकडच्या आजीला मात्र तिच्या आजीची रीत सोडावी लागली. तीन तास उकळायची ती रीत प्रेमाची होती, पण बिनधोक नव्हती. जिथे कुणी ती धरून ठेवली तिथे आजही घात होतो. २०१५ साली ओहायोतल्या लँकॅस्टरमध्ये एका चर्चच्या सहभोजनात बटाट्याचं सॅलड होतं. बटाटे घरी बरणीत भरलेले होते, पण दाबाच्या भांड्याऐवजी नुसत्या उकळत्या पाण्यात. २९ जण आजारी पडले, एक बाई दगावल्या.

म्हणून त्या स्वयंपाकघरात नात मोठ्याने वाचते आणि आजी ऐकते. पाच टक्के आम्लतेचं व्हिनेगर आणि पाणी समसमान. व्हिनेगर कमी करायचं नाही. अर्धा इंच जागा म्हणजे अर्धा इंच. मिनिटं गावाच्या उंचीप्रमाणे. पण पुस्तिका लसणापुढे 'आवडीनुसार' लिहिते, आणि मिरचीच्या भरड्यापाशी आली की आजी नातीच्या हातातून चमचा घेते. तेवढी जागा तिची आहे आणि ती ती सोडत नाही.

सात आवाज झाले आहेत. आठवी बरणी गप्प. बारा-चोवीस तास तिला हात लावायचा नाही, एवढं थोरल्यांना माहीत असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा एकेका चकतीच्या मध्यावर बोट दाबून बघतो. सात ढिम्म हलत नाहीत. आठवी बोटाखाली टिक् करून दबते आणि पुन्हा वर येते. तिच्या आत हवा गेलेली. ती फळीवर ठेवायची नाही. आजी ती शीतकपाटात सरकवते आणि म्हणते, ही आधी संपवायची. पोरं खूश. मुरायला बाकीच्यांना अजून काही आठवडे लागणार असतात.